बोलतंय कोण? : क्वेरीतल्या कोड्यात टाकणाऱ्या एररचा आढावा

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. डेटाबेसची क्वेरी शिकणाऱ्याला सराव द्यायचा असेल, तर ही सोळा नावे पुरेशी आहेत. समजा, पावसाच्या नोंदींची एक्सेल फाइल डेटाबेसमध्ये आयात केली आणि प्रत्येक तालुक्यासाठी रोमन लिपीतल्या नावाचा एक कॉलम तयार झाला. पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड यांची आकडेवारी मागितली की लगेच मिळते. झरी-जामणीची मागितली की यंत्र सांगते, ‘झरी’ नावाचा कॉलम अस्तित्वात नाही. कॉलम तर डोळ्यांसमोर आहे, आणि आपण ‘झरी’ मागितलेलेही नाही.

घोटाळा मधल्या आडव्या रेघेचा आहे. आपल्याला ती जोडरेघ वाटते, यंत्राला वजाबाकी. त्याने ‘झरी वजा जामणी’ असे वाचले, वजाबाकीसाठी पहिली संख्या शोधली, ती सापडली नाही आणि तेवढेच सांगितले. आयात करणाऱ्या साधनाने नाव अवतरण चिन्हांत घालून कॉलम बनवला होता. क्वेरी लिहिताना आपण ती चिन्हे घातली नाहीत. संदेश खोटा नाही, पण त्यात रेघेचा उल्लेखही नाही.

क्वेरीच्या बहुतेक चकवणाऱ्या एररचे हेच रूप असते. एररचा संदेश पंचनाम्यासारखा असतो. काय दिसले, कुठे दिसले, हे त्यात असते. आरोपीचे नाव नसते. आणि पंचनामा वाचताना तो कोणत्या ठाण्याने केला, हे आधी पाहावे लागते. क्वेरी चालवताना एक नव्हे, चार-पाच वेगवेगळे अधिकारी ती तपासतात आणि प्रत्येक जण आपल्या हद्दीपुरतेच बोलतो. म्हणून ‘चूक काय?’ याच्या आधी ‘बोलतंय कोण?’ हे विचारणे हा या विषयातला पहिला धडा आहे.

एका भाषेच्या पोटात दुसरी

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली. १९७४ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतले डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. एका ब्रिटिश कंपनीच्या ट्रेडमार्कमुळे पुढे ते नाव ‘एसक्यूएल’ झाले. प्रोग्रॅमर नसलेल्यांनाही माहिती विचारता यावी, हा तिचा हेतू होता. १९७५ मध्येच फिलिस राइसनर यांनी बॉइस आणि चेंबरलिन यांच्यासह विद्यार्थ्यांवर तिची चाचणी घेतली होती. माणसे क्वेरी लिहिताना कुठे चुकतात, हा प्रश्न त्या भाषेइतकाच जुना आहे.

१९८६ मध्ये तिचे अमेरिकी प्रमाणीकरण झाले. पण भाषा एकटी राहिली नाही. ती कोबोल आणि सी यांच्या कोडमध्ये शिरली, मग जावा आणि पीएचपीमध्ये अक्षरांची माळ म्हणून बसली. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘लिंक’ आणून तिच्या धर्तीची वाक्ये थेट सी-शार्पच्या व्याकरणातच घेतली. आज एक साधी क्वेरी यजमान भाषेचा (म्हणजे जिच्या कोडमध्ये ती बसली आहे त्या भाषेचा) कंपायलर, डेटाबेसचा व्याकरण तपासणारा पार्सर, नावे जुळवणारा भाग, प्रकार तपासणारा भाग आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी अशा टप्प्यांतून जाते. एकेक टप्पा पाहू.

पार्सर : बोट चुकीच्या शब्दाकडे का?

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेसचे पार्सर ‘बायसन’ या साधनाने बनतात. अशा पार्सरची रीत साधी आहे. डावीकडून एकेक शब्द वाचायचा. जोपर्यंत आतापर्यंतच्या शब्दांपासून एखादे वैध वाक्य होऊ शकते, तोपर्यंत पुढे जायचे. ज्या शब्दाशी सगळ्या वाटा बंद होतात तिथे थांबून त्या शब्दाचे नाव घ्यायचे. संदेशात तो ‘निअर’ (म्हणजे ‘जवळ’) या शब्दापुढे छापलेला असतो; पण तोच चुकलेला असेल असे नाही. तिथे पार्सरची आशा संपली, एवढेच खरे.

‘फ्रॉम’ऐवजी घाईत ‘फॉर्म’ टंकले, तर पोस्टग्रेस ‘फॉर्म’ला आधीच्या कॉलमचे टोपणनाव समजते आणि पुढे सरकते. मग टेबलाचे निर्दोष नाव येते आणि एरर त्याच्या नावावर फुटतो. नवखा माणूस टेबलाचे स्पेलिंग तपासत बसतो. मायएसक्यूएलच्या १०६४ क्रमांकाच्या एररमध्ये ‘निअर’पुढे कधीकधी काहीच नसते, नुसती रिकामी अवतरण चिन्हे. त्याचा अर्थ क्वेरी अर्ध्यात संपली; कुठला तरी कंस उघडाच राहिला. या टप्प्यावरचा नियम एकच, दाखवलेल्या जागेच्या डावीकडे पाहा.

दुसरा सापळा आरक्षित शब्दांचा. यवतमाळसारख्या जिल्ह्यात महिला बचत गटांच्या नोंदी ठेवायच्या, तर टेबलाला ‘ग्रुप’ नाव देण्याचा मोह होणारच. तो शब्द ‘ग्रुप बाय’साठी राखीव आहे, म्हणून एरर. जाणत्याने अनेकवचन करून ‘ग्रुप्स’ ठेवले आणि काम वर्षानुवर्षे चालले. मग २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८.० आले आणि त्यात ‘ग्रुप्स’ही आरक्षित झाला, गुणवत्ता यादीतला ‘रँक’ही. कोडच्या एका ओळीला हात न लावता, फक्त सर्व्हर नवा झाल्यामुळे एरर आला. ‘काल चालत होते’ ही तक्रार अशा वेळी खरीच असते. म्हणून आवृत्ती कोणती, हा प्रश्न यादीत फार वर ठेवावा लागतो.

नावे जुळवणारा : घर आहे, पण चावी नाही

व्याकरण पटले की पुढचा भाग प्रत्येक नाव खऱ्या टेबलाशी आणि कॉलमशी जुळवतो. ‘अस्तित्वात नाही’ हे उत्तर इथलेच. ओरॅकल या डेटाबेसचा ओआरए-००९४२ हा त्यातला सर्वांत कुप्रसिद्ध. टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही, असे तो म्हणतो; पण टेबल असूनही तुम्हाला ते पाहण्याची परवानगी नसेल, तरी उत्तर हेच. यात तर्क आहे. परवानगी नसलेल्याला ‘आत काहीतरी आहे’ एवढे कळणेही धोक्याचे. मात्र त्यामुळे दोष स्पेलिंगचा की हक्काचा, हे संदेशावरून ठरत नाही.

लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा गोंधळ इथलाच. अवतरणाविना लिहिलेले नाव पोस्टग्रेस लहान अक्षरांत बदलते, ओरॅकल मोठ्या. एखाद्या साधनाने ‘तालुका’ हे टेबल पहिले अक्षर मोठे ठेवून, अवतरणांत बनवले असेल, तर साध्या क्वेरीत पोस्टग्रेसला ते सापडत नाही. पोस्टग्रेसने ९.५ आवृत्तीपासून कॉलमच्या नावाबाबत ‘तुम्हाला हा कॉलम म्हणायचा होता का?’ अशी सूचना द्यायला सुरुवात केली, हा या क्षेत्रातला चांगला बदल.

पण इथला सर्वाधिक छळणारा एरर टोपणनावाचा आहे. ‘सिलेक्ट’मध्ये एका हिशेबाला ‘सरासरी’ असे नाव दिले आणि खाली ‘व्हेअर’मध्ये ते वापरले, की यंत्र म्हणते, असा कॉलमच नाही. आत्ताच तर वरच्या ओळीत लिहिला! इथे मराठी माणसाच्या हाताशी एक उपाय आयता आहे. क्वेरी मराठीत बोलून पाहावी : ‘पावसाच्या तक्त्यातून, जून महिन्याच्या नोंदी घेऊन, तालुक्यांप्रमाणे गट पाडून, सरासरी दाखव.’ आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि डेटाबेस नेमक्या याच क्रमाने विचार करतो. आधी फ्रॉम, मग व्हेअर, मग ग्रुप बाय, मग हॅविंग, त्यानंतर सिलेक्ट आणि अखेर ऑर्डर बाय. ‘व्हेअर’च्या वेळी ‘सिलेक्ट’ अजून झालेलेच नसते, मग त्यात दिलेले नाव कुठून माहीत असणार? इंग्रजी आज्ञार्थी वाक्याच्या सोयीसाठी ‘सिलेक्ट’ डोक्यावर बसवले गेले, त्याची ही किंमत. आता इंग्रजी जगालाही ती जाणवते आहे. ‘लिंक’मध्ये वाक्य ‘फ्रॉम’ने सुरू होते, ‘डकडीबी’ या डेटाबेसमध्ये ‘फ्रॉम’ आधी लिहिता येते, आणि २०२४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी पायऱ्या-पायऱ्यांनी वाहणारी नवी मांडणी सुचवली, तीही ‘फ्रॉम’पासूनच सुरू होणारी.

देवनागरी : डोळ्यांना एक, यंत्राला तीन

इंग्रजी पुस्तकांत न सापडणारे आणि आपल्याकडे रोज भेटणारे एरर लिपीचे आहेत.

युनिकोडच्या आधीची कार्यालयीन माहिती कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असते. त्यात साठवलेली अक्षरे खरे तर रोमन चिन्हेच असतात. देवनागरी दिसते ती फाँटमुळे. कृतिदेवमध्ये अर्धा ‘श’ अपॉस्ट्रॉफीच्या कळीवर आहे. म्हणजे ‘शेतकरी’ हा शब्द डेटाबेसच्या दृष्टीने अपॉस्ट्रॉफीने सुरू होतो. एसक्यूएलमध्ये तेच चिन्ह मजकूर सुरू आणि बंद करते. माहिती भरण्याची क्वेरी तुकडे जोडून बनवली असेल, तर मजकूर उघडताक्षणी बंद होतो, उरलेली अक्षरे पार्सरला निरर्थक शब्द वाटतात आणि एरर येतो. ‘पुसद’ची नोंद जाते, ‘शेतकरी’ अडतो, माणूस चक्रावणारच. यावर खरा इलाज म्हणजे मूल्ये क्वेरीत चिकटवायची नाहीत, पॅरामीटर म्हणून वेगळी पाठवायची. बाहेरून क्वेरी घुसवणाऱ्या हल्ल्यांनाही त्यानेच आळा बसतो.

युनिकोड आल्यावर हा त्रास गेला आणि वेगळा आला. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला आडवा रफार तीन प्रकारे साठवता येतो : स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त जोडून, साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारे जोडचिन्ह लावून, किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन मग हलन्त लावून. पडद्यावर तिन्ही सारखेच. युनिकोडच्या सामान्यीकरणाने पहिला आणि तिसरा एक होतात, दुसरा मात्र वेगळाच राहतो. कॉलमचे नाव एका कळफलकावरून आणि क्वेरी दुसऱ्यावरून टंकली, तर संदेश येतो, ‘शेतकऱ्यांची संख्या’ हा कॉलम नाही. आणि कॉलमच्या यादीत तेच नाव डोळ्यांना दिसत असते. इथे डोळ्यांवर विश्वास ठेवून भागत नाही. अक्षरांचे संकेतांक काढून पाहावे लागतात.

पीडीएफ नोट्समधून किंवा मोबाइलवरच्या निरोपातून उचललेल्या क्वेरीतही असेच पाहुणे येतात. वळणदार अवतरण चिन्हे, न तुटणारी मोकळी जागा, फाइलच्या सुरुवातीचे अदृश्य चिन्ह. ‘निअर’पुढे काहीतरी विचित्र किंवा काहीच दिसत नसेल, तर ती ओळ हाताने पुन्हा टंकणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

लांबीचाही हिशेब आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘यवतमाळ’ म्हणजे सहा चिन्हे, अठरा बाइट. ‘झरी-जामणी’ म्हणजे आठ चिन्हे आणि एक रेघ, पंचवीस बाइट. ओरॅकलमध्ये कॉलमची लांबी वीस बाइट ठेवली असेल, तर पहिले नाव मावते आणि दुसऱ्याला ‘मूल्य फार मोठे’ म्हणून नकार मिळतो. लांबी अक्षरांत मोजायची की बाइटमध्ये, हे टेबल बनवतानाच सांगावे लागते. पोस्टग्रेसमध्ये कॉलमच्या नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम एकवीस चिन्हे. त्यापुढचे नाव छाटले जाते.

प्रकार : सातबारा म्हणजे किती?

अवतरणाबाहेर लिहिलेला ७/१२ हा डेटाबेससाठी भागाकार आहे. पोस्टग्रेस त्याचे उत्तर शून्य देते, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की पूर्णांकच. मायएसक्यूएल ०.५८३३ देते. एररचा पत्ता कुठेच नाही. गट नंबर १२/१ एक्सेलमध्ये टाकला तर तो तारीख होऊन बसतो. जनगणनेतले तालुक्यांचे संकेतांक शून्याने सुरू होणारे आहेत. एक्सेल त्यांना संख्या समजते आणि शून्य उडवते.

अशी माहिती दुसऱ्या टेबलाशी जोडायला गेले की प्रकार तपासणारा अडवतो. पोस्टग्रेस म्हणते, पूर्णांक आणि मजकूर यांच्यामध्ये ‘बरोबर’ हे चिन्हच अस्तित्वात नाही. चिन्ह तर आहे! म्हणायचे एवढेच की या दोन प्रकारांची तुलना करण्याची सोय नाही. पूर्वी पोस्टग्रेस अशा वेळी गुपचूप रूपांतर करून घेत असे. २००८ च्या ८.३ आवृत्तीने मजकुराकडे होणारी अनेक रूपांतरे बंद केली आणि असंख्य चालत्या क्वेऱ्या एका रात्रीत थांबल्या. निर्णय जाचक वाटला, तरी योग्य होता. गुपचूप झालेले रूपांतर चुकीचे निकाल देते, आणि ते निकाल कोणी तपासत नाही.

यजमान भाषेचा कंपायलर

या विषयातले सर्वांत गूढ संदेश इथे मिळतात, कारण कंपायलर आपण न लिहिलेल्या कोडबद्दल बोलतो. सी-शार्पमध्ये ‘लिंक’चे वाक्य लिहिले की कंपायलर आधी त्याचे साध्या फंक्शनच्या साखळीत रूपांतर करतो आणि मग ती साखळी तपासतो. दोन याद्या गावाचा संकेतांक आणि गट नंबर या जोडकिल्लीवर जोडायच्या आहेत. एका बाजूला गुणधर्माचे नाव ‘गटनंबर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘गटक्रमांक’ असेल, तर सीएस१९४१ हा एरर येतो : जॉइनमधल्या एका पदाचा प्रकार चुकीचा आहे, ‘जॉइन’ फंक्शनला हाक मारताना प्रकाराचा अंदाज बांधता आला नाही. आपण फंक्शनला हाक मारलेलीच नसते. जोडकिल्लीसाठी कंपायलर दोन्ही बाजूंना एकेक निनावी प्रकार बनवतो आणि ते सारखे ठरायला गुणधर्मांची नावे, प्रकार आणि क्रम तिन्ही जुळावे लागतात, हे कळले की कोडे सुटते. एका बाजूचा आकडा रिकामा राहू शकणारा आणि दुसऱ्या बाजूचा नाही, एवढा फरकही पुरतो. ‘इक्वल्स’च्या डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल झाली, तर मात्र कंपायलर चक्क ‘बाजू बदलून पाहा’ असे सुचवतो. तोच कंपायलर, पण एका संदेशामागे कोणीतरी वापरणाऱ्याचा विचार केला आहे.

अनेकदा कंपायलर हो म्हणतो आणि ‘लिंक’चे एसक्यूएलमध्ये भाषांतर करणारा थर नाही म्हणतो. एंटिटी फ्रेमवर्क कोअर या अशाच थराच्या आधीच्या आवृत्त्या, जे एसक्यूएलमध्ये मांडता येत नाही ते मुकाट्याने आपल्याकडे ओढून घेत आणि सगळे टेबल स्मृतीत आणून हिशेब करत. सप्टेंबर २०१९ च्या ३.० आवृत्तीपासून ते थांबले आणि ‘भाषांतर करता येत नाही’ असा स्पष्ट नकार मिळू लागला.

रस्ट भाषेचे ‘एसक्यूएलएक्स’ हे साधन उलट टोकाला जाते. ते कंपाइल करतानाच खऱ्या डेटाबेसला क्वेरी दाखवून घेते. क्वेरीतली चूक चालवण्याआधी सापडते. पण डेटाबेसचा सर्व्हर बंद असेल, वीज गेलेली असेल, तर अचूक कोडही कंपाइल होत नाही. त्यासाठी आधीची तपासणी साठवून ठेवण्याची सोय तिथे आहे, आणि ग्रामीण भागात काम करणाऱ्याने ती पहिल्या दिवशीच लावून घ्यावी. रस्टच्याच ‘डीझल’ या क्वेरी-लायब्ररीतले एरर पानभर लांब येत. मे २०२४ मध्ये रस्ट १.७८ ने लायब्ररी लिहिणाऱ्यांना स्वतःचे संदेश देण्याची मुभा दिली, त्यामागे हाच अनुभव होता.

अभ्यास काय सांगतात

स्टेफान ब्रास आणि क्रिस्टियन गोल्डबर्ग यांनी व्याकरण बरोबर असूनही अर्थ बिघडलेल्या क्वेऱ्यांची मोठी यादी केली. फिनलंडमधल्या टोनी टायपालुस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये व्याकरणाच्या चुका, अर्थाच्या चुका, तर्काच्या चुका आणि विनाकारण गुंतागुंत अशी चार गटांची वर्गवारी मांडली. पुढे वेगवेगळ्या डेटाबेसचे संदेश चुका सुधारायला किती उपयोगी पडतात, याचीही तुलना केली. मुंबईच्या आयआयटीत एस. सुदर्शन यांच्या गटाने ‘एक्सडेटा’ हे साधन उभे केले. बरोबर क्वेरी आणि तिची किंचित बिघडलेली भावंडे यांची उत्तरे वेगळी पडतील, अशी छोटी नमुना-माहिती ते स्वतः तयार करते. विद्यार्थ्याची क्वेरी चालली म्हणून गुण द्यायचे नाहीत. अशा माहितीवर टिकली तर द्यायचे.

पुसदला १९८३ पासून, यवतमाळला १९९६ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्याच नव्हे, कुठल्याही प्रयोगशाळेसाठी ही दृष्टी उपयोगाची आहे. एरर आल्यावर अर्धी क्वेरी कापून उरलेली चालवणे, शेवटी तयार झालेले खरे एसक्यूएल छापून पाहणे, आवृत्ती विचारणे, या सवयी प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तराइतक्याच महत्त्वाच्या मानल्या पाहिजेत. हल्ली संदेश कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला चिकटवून उत्तर मागता येते. ते बहुतेकदा ठीक सांगते. पण त्यालाही पंचनामाच मिळालेला असतो, घटनास्थळ नाही. टेबलाची रचना आणि आवृत्ती सोबत दिली नाही, तर तेही अंदाजच बांधते.

एक वाद मिटलेला नाही. यंत्राने कडक असावे की सांभाळून घ्यावे? मायएसक्यूएल पूर्वी तालुक्याप्रमाणे गट पाडलेल्या क्वेरीत गावाचे नावही मागू देत असे आणि त्या तालुक्यातले कोणतेही एक गाव दाखवून मोकळे होत असे. ५.७ पासून मूळ मांडणीतच ते बंद झाले. जुने कोड अडले, लोकांनी तो नियम बंद करण्याची युक्ती शोधली आणि चुकीची उत्तरे सुखाने परत आणली.

कडकपणालाही मर्यादा आहे. लाभार्थ्यांच्या टेबलातून रद्द गावांच्या नोंदी काढायच्या आहेत. आतल्या उपक्वेरीत ‘गावक्रमांक’ मागितला. रद्द गावांच्या टेबलात तो कॉलमच नाही, पण बाहेरच्या टेबलात आहे. नियमानुसार नाव आत सापडले नाही की बाहेर शोधले जाते. ते सापडते, अट प्रत्येक ओळीला स्वतःशीच जुळते आणि सगळे टेबल रिकामे होते, एकही एरर न देता. प्रत्येक कॉलमपुढे टेबलाचे टोपणनाव लिहिण्याचा कंटाळवाणा शिरस्ता पाळला असता, तर इथे एरर आला असता, आणि तो हवाच होता.

म्हणून शेवटची तपासणी हाताने करायची. पावसाचे टेबल दुरुस्त केले, प्रत्येक तालुक्याची वेगळी ओळ केली, रेघेचा प्रश्न मिटला, प्रकार जुळले, कंपायलर गप्प आहे. आता ते पीकपाहणीच्या टेबलाशी तालुक्याच्या नावावर जोडले आणि ओळी मोजल्या. पंधरा. एका टेबलात तालुक्याचे नाव केळापूर आहे; दुसऱ्यात त्याच तालुक्याच्या मुख्यालयाचे, पांढरकवडा.